पार्टीचं काम हातात घेताय? कुदळ मारण्याआधी वही उघडा

काही वर्षांपूर्वी खेड तालुक्यातल्या एका गावात एक निकाह झाला. घर नवरदेवाचं, पण पाहुण्यांना बसवलं शेजाऱ्याच्या पडवीत. कारण घराच्या दोन नव्या खोल्यांना प्लास्टर होतं, पण लादी नव्हती. बाथरूमला दरवाजा नव्हता. वरच्या टेकूंची लाकडं अजून अंगणात पडलेली होती. नवरदेव कुवेतहून पंचेचाळीस दिवसांच्या सुट्टीवर आलेला. त्यातले तीस दिवस त्याने सिमेंटच्या धुळीत काढले. त्याच्या अब्बांनी त्या दिवशी ठेकेदाराला सगळ्यांसमोर काहीच म्हटलं नाही, फक्त जेवायला बसताना त्याच्याकडे पाहिलं नाही.

तो ठेकेदार मी होतो.

काम येत नव्हतं असं नाही. माझे गवंडी चांगले, सेंट्रिंगवाले चांगले, माल चांगला. पार्टीनेही पैसे वेळेवर पाठवले होते. नव्हतं ते नियोजन. "तीन महिन्यांत देतो" एवढं बोलून मी काम घेतलं होतं, आणि ते तीन महिने कसे जाणार हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

आपल्या समाजात आज कितीतरी तरुण नोकरीऐवजी स्वतःचं काम करताहेत. कुणी बांधकामाचे ठेके घेतो, कुणी फर्निचर, फॅब्रिकेशन, इलेक्ट्रिकची कामं, कुणी लग्नाच्या जेवणाची ऑर्डर, कुणी घरी बसून वेबसाइट बनवून देतो. हुनर सगळ्यांकडे आहे. पण काम बिघडतं ते हुनर कमी पडला म्हणून फार कमी वेळा. काम काय ठरलं होतं, कधीपर्यंत, कुणाच्या शब्दावर आणि पैसे कोणत्या टप्प्याला, या गोष्टी कुठेच लिहिलेल्या नसतात, म्हणून बिघडतं. मला माहीत असलेलं काम घरबांधणीचं आहे, म्हणून उदाहरण तेच घेतो. बाकीच्यांनी त्यात आपापला धंदा पाहावा.

आधी ठरवा, पार्टी नक्की कोण?

हा प्रश्न ऐकून हसू येईल. पार्टी म्हणजे जो पैसे देतो तो. पण कोकणातल्या घराचं काम घेतलेल्या कुणालाही विचारा. पैसे देणारा मुलगा कुवेतला किंवा दुबईला. जागेवर उभे राहून सूचना देणारे त्याचे अब्बा. स्वयंपाकघर वापरणार अम्मी आणि येणारी सून. मुंब्र्याला राहणारे मोठे चाचा शनिवार-रविवारी येतात आणि "खिडकी इथे कशाला?" म्हणून जातात. प्रत्येकाचा मान आहे, प्रत्येकाचं ऐकावं लागतं. पण मिस्त्रीने भिंत कुणाच्या शब्दावर हलवायची?

माझ्या त्या कामात अब्बांनी बाथरूम मागच्या बाजूला सरकवायला सांगितलं, मी सरकवलं. मुलाने व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि म्हणाला, "भाई, हे कुणी सांगितलं? नकाशात तर नव्हतं." आता बापाचं नाव कसं घ्यायचं? मी गप्प राहिलो. चूक माझ्या खात्यात गेली, आणि खरं तर ती माझीच होती. पहिल्या बैठकीत मी विचारायला हवं होतं की बदल करायचा झाला तर शेवटचा हो कुणाचा.

आता मी हे सर्वांसमोर विचारतो. अदबीने, पण विचारतो. "चाचा, तुम्ही सांगाल ते मी लिहून घेईन आणि भाईला पाठवीन. त्याचा हो आला की काम करीन. चालेल ना?" आजवर एकाही चाचांनी नाही म्हटलेलं नाही. उलट बऱ्याच जणांना बरं वाटतं, कारण पैसे मुलाचे असतात आणि खर्च वाढला तर त्यांनाही ऐकून घ्यावं लागतं.

आणखी एक. घरातल्या बायकांना विचारल्याशिवाय स्वयंपाकघर आणि बाथरूमचा कागद पूर्ण होत नाही. ओटा कुठे, त्याची उंची किती, मिक्सरचा पॉइंट कुठे, पाण्याची टाकी भरली की मोटर बंद करायला कुणाला किती चालावं लागतं, हे अम्मींना आणि भाभींना जितकं ठाऊक असतं तितकं घरात दुसऱ्या कुणाला नसतं. पुरुषांनी ठरवलेला ओटा निम्म्या वेळा तोडावा लागतो. तो खर्च मग "एक्स्ट्रा" म्हणून वादात पडतो.

काय करणार, आणि काय नाही करणार

कामाची यादी सगळेच करतात. "दोन खोल्या, एक बाथरूम, वर स्लॅब, आतून-बाहेरून प्लास्टर, लादी, रंग." ही यादी नाही, हा मथळा आहे. लादी कोणत्या भावाची? रंगाचे हात किती? दरवाजे प्लायचे की सागाचे? इलेक्ट्रिकचे पॉइंट किती? मी आता भिंतीवर खडूने प्रत्येक पॉइंट मारतो आणि मोजून आकडा लिहितो: खोलीत एवढे, बाथरूममध्ये एवढे. नंतर कुणी आणखी चार मागितले तर कमी-जास्त करायला आधार असतो.

त्याहून महत्त्वाची दुसरी यादी, जी मी पूर्वी कधीच करत नव्हतो: या रकमेत काय येत नाही. कंपाउंडची भिंत नाही. सेप्टिक टँक नाही. जुन्या घराच्या कौलांची दुरुस्ती नाही. फर्निचर नाही. बोअरवेल नाही. ग्रामपंचायतीची परवानगी आणि त्याचे कागद पार्टीने आणायचे. पाणी आणि वीज पार्टीची. हे लिहिताना जरा संकोच वाटतो, आपण कंजूष दिसू की काय असं वाटतं. पण पार्टीच्या मनात "घर" म्हटलं की कंपाउंडसकट, गेटसकट चित्र असतं, आणि आपल्या मनात फक्त दोन खोल्या. हे दोन चित्रांमधलं अंतर पहिल्याच दिवशी भरलं नाही, तर शेवटच्या दिवशी ते भांडण होऊन समोर येतं.

गावातली गल्ली अरुंद असेल तर तेही लिहा. चिऱ्याचा ट्रक मशिदीच्या चौकापर्यंतच येणार, तिथून छोट्या टेम्पोने किंवा डोक्यावर न्यावं लागणार. ही मजुरी कुणाची? माझे एका कामात फक्त या वाहतुकीचे बरेच पैसे गेले, कारण जागा पाहायला मी मोटरसायकलवर गेलो होतो. मोटरसायकल सगळीकडे जाते.

तारीख मागून मोजायची

आता मुख्य गोष्ट. आपण सगळे पुढून मोजतो: आज सुरू केलं, मग एवढे दिवस, मग एवढे दिवस. काम ज्या दिवशी लागणार त्या दिवसापासून मागे मोजत यायला हवं. २०२५ सालचं कॅलेंडर घेऊन करून दाखवतो, म्हणजे ईद आणि पाऊस दोन्ही समोर राहतील.

समजा निकाह रविवार, ११ मे रोजी आहे. मांडव, पाहुणे, झाडलोट यासाठी घरच्यांना घर ३० एप्रिलला हातात हवं. मग मी स्वतःसाठी तारीख धरतो २० एप्रिल. मधले दहा दिवस माझे. ते पार्टीला "जास्तीचे" म्हणून दाखवायचे नाहीत, नाहीतर तेही खर्च होतात.

२० एप्रिलला सगळं संपायचं तर शेवटचा रंग आणि दिवे-पंखे लावायला दहा दिवस, म्हणजे १० एप्रिलपासून. त्याआधी लादी आणि बाथरूमच्या टाइल्सना बारा दिवस, म्हणजे २९ मार्चपासून. त्याआधी प्लास्टर. प्लास्टर करायला, त्यावर आठवडाभर पाणी मारायला आणि नंतर सुकायला मिळून चार आठवडे, म्हणजे १ मार्चपासून. ओल्या प्लास्टरवर पुट्टी मारली की पावसाळ्यात पापुद्रे निघतात, आणि फोन आपल्यालाच येतो.

प्लास्टरच्या आधी भिंतीत झिऱ्या मारून वायरिंगचे पाइप बसले पाहिजेत आणि स्लॅबखालचे टेकू निघाले पाहिजेत. टेकूंच्या बाबतीत घाई नको. आपल्या देशात काँक्रीटच्या कामाचं जे मानक आहे, आय.एस. ४५६, त्यात साध्या ओपीसी सिमेंटसाठी साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याच्या स्लॅबचे किमान १४ दिवस ठेवायला सांगितलेत. आपल्याकडे दुकानात बहुतेक वेळा पीपीसी मिळतं, ते हळू घट्ट होतं. म्हणून खोली लहान असली तरी मी १४ दिवसांखाली येत नाही. पाणी मारण्याचंही तसंच: ओपीसीला किमान ७ दिवस, पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान १० दिवस काँक्रीट सतत ओलं राहिलं पाहिजे. "सकाळी एकदा मारलं" म्हणजे पाणी मारणं नव्हे. स्लॅबवर आळी बांधून पाणी साठवा.

म्हणजे स्लॅब १० फेब्रुवारीला पडला पाहिजे. १४ दिवस टेकू, उरलेले चार-पाच दिवस झिऱ्या आणि पाइप. स्लॅबच्या आधी सेंट्रिंग, सळई आणि पंख्यांचे बॉक्स बसवायला आठ दिवस. त्याआधी चिऱ्याच्या भिंती लिंटलसकट स्लॅबच्या पातळीला आणायला सतरा-अठरा दिवस. त्याआधी पाया आणि जोतं, पंधरा दिवस. मोजत मोजत आपण १ जानेवारीला येऊन पोचतो.

पार्टी काय म्हणाली होती? "फेब्रुवारीत सुरू करू, तीन महिने खूप झाले."

आणि अजून आपण रमजान धरलेलाच नाही. २०२५ मध्ये रमजान २ मार्चला सुरू झाला आणि ईद ३१ मार्चला झाली. म्हणजे वरच्या हिशोबात प्लास्टरचा सगळा महिना रोज्यात. रोजेदार गवंडी दुपारनंतर उन्हात पाट्या उचलू शकत नाही, आणि आपणही त्याला उचलायला लावू नये. सकाळी लवकर सुरू करून दुपारपर्यंत काम, एवढंच धरायचं. परराज्यातले कारागीर ईदच्या चार दिवस आधी गाडी पकडतात आणि आठ-दहा दिवसांनी येतात. त्यांची तिकिटं आधीच काढलेली असतात, फक्त आपल्याला सांगितलेली नसतात. हे धरलं की प्लास्टर मार्चअखेर कसंबसं संपतं, लादीवाला ८ एप्रिलच्या सुमारास उगवतो, रंग ३० एप्रिलपर्यंत जातो. माझे दहा दिवस संपले. एका मजुराला ताप आला तरी निकाह शेजाऱ्याच्या पडवीत.

म्हणून अख्खा हिशोब पंधरा दिवस मागे न्यायचा. पाया १६-१७ डिसेंबरला. मग प्लास्टर रोज्यांच्या आधी जवळजवळ उरकतं, रमजानात लादीचं सावलीतलं काम होतं, ईदनंतर फक्त रंग आणि दिवे राहतात. म्हणजे पार्टीचा नकाशा, निर्णय आणि पहिला हप्ता नोव्हेंबर संपायच्या आत हवा. हे वाक्य ऑक्टोबरात बोलता आलं, की निम्मं काम झालं.

चांद्र वर्ष सूर्यवर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान असतं, त्यामुळे ईद दर वर्षी मागे सरकते. २०२४ मध्ये ती ११ एप्रिलला होती. गेल्या वर्षीचं वेळापत्रक या वर्षी उचलून लावता येत नाही. गणपतीतही तेच, आपले निम्मे बिगारी आणि सुतार गावचे असतात, ते त्या दिवसांत येणार नाहीत आणि यावेत अशी अपेक्षाही करू नये. होळी, छठ, निवडणुका, भातलावणी: जो कामगार जिथला, तिथलं कॅलेंडर आपल्या वहीत हवं.

पावसाचंही ऐका. "जूनच्या दुसऱ्या आठवड्याशिवाय पाऊस येत नाही" हे धरून चालणाऱ्यांना २०२५ ने शिकवलं. मुंबईत मान्सून येण्याची नेहमीची तारीख ११ जून, त्या वर्षी तो २६ मे रोजीच दाखल झाला, आणि त्याआधी आठवडाभर कोकणात सरी कोसळत होत्या. बाहेरचं प्लास्टर मेअखेरीला ठेवलेल्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको. पाऊस सुरू झाला की चिरेखाणीही बंद, म्हणजे कमी पडलेला चिरा दिवाळीपर्यंत मिळायचा नाही. उलट उन्हाळ्याची वेगळी अडचण: एप्रिलपासून कितीतरी गावांत विहिरी तळाला जातात. स्लॅबला पाणी मारायचं की प्यायला भरायचं, असा प्रश्न घरात आला की स्लॅब हरतो. फेब्रुवारीत टाकलेल्या स्लॅबला पाणी तरी मिळतं.

कशासाठी काय थांबतं

हे सगळं मी पोरांच्या चौकटीच्या वहीत काढतो. डावीकडे कामं, वर आठवडे, आणि प्रत्येक कामासमोर जितके आठवडे तितक्या चौकटी पेन्सिलने रंगवायच्या. अशा पट्ट्यांचा तक्ता शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या हेन्री गँट नावाच्या इंजिनियरने रूढ केला, म्हणून त्याला गँट चार्ट म्हणतात. आता मोबाइलवर त्याची ॲप मिळतात. मला वही बरी वाटते, चाचांना दाखवता येते.

तक्ता काढल्यावर एक गोष्ट दिसते. काही कामं एकमेकांच्या मागे रांगेत उभी असतात: पाया नाही तर भिंत नाही, भिंत नाही तर स्लॅब नाही. या रांगेत एक दिवस गेला की शेवटची तारीख एक दिवस पुढे गेलीच. काही कामं मात्र बाजूला, स्वतंत्र चालू शकतात. भिंती चढत असताना सुतार दरवाजे करू शकतो. प्लास्टर सुकत असताना भाभी लादी पसंत करू शकतात. ड्यूपाँट कंपनीने १९५७ च्या सुमारास आपल्या कारखान्यांच्या कामासाठी हीच लांबलचक रांग शोधायची पद्धत बसवली, आणि आज मोठमोठे पूल त्यावर बांधले जातात. आपल्याला त्यातलं एवढंच पुरे: लांब रांगेतली कामं लाल पेनाने लिहा आणि सगळं लक्ष त्यांच्यावर ठेवा.

माझी त्या कामात रांग कुठे तुटली माहीत आहे? चौकटींपाशी. खिडक्यांच्या चौकटी मी भिंत चढायला लागल्यावर सांगितल्या. सुताराकडे आधीच तीन कामं होती. भिंत छातीपर्यंत आली आणि गवंडी नऊ दिवस दुसऱ्या कामावर गेले. नऊ दिवसांचे ते पुढे तीन आठवडे झाले, कारण गवंडी परत आले तेव्हा सेंट्रिंगवाला दुसरीकडे लागला होता.

म्हणून वहीत प्रत्येक कामासमोर अजून एक रकाना करा: याआधी कुणाला, कधी सांगायचं. सुताराला पायाच्या दिवशी. सेंट्रिंगवाल्याला भिंत सुरू होताना, आणि थोडी उचल देऊन. लादीवाल्याला प्लास्टर सुरू होताना. पार्टीलाही: "लादी १ मार्चपर्यंत पसंत करून कळवा. उशीर झाला तर तेवढे दिवस पुढे जाईल." पार्टीच्या निर्णयांनाही तारीख असते हे पार्टीला कुणी सांगितलेलंच नसतं.

पैसे टप्प्याला बांधा, तारखेला नाही

आता जिथे नाती तुटतात ती जागा. त्या कामात मी निम्मी रक्कम सुरुवातीलाच घेतली. पार्टीनेच देऊ केली, भरवशाचा माणूस म्हणून. त्याच आठवड्यात माझ्या दुसऱ्या कामावरच्या मजुरांची तीन आठवड्यांची मजुरी थकलेली होती. मी ती भागवली. एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर. त्या वेळी मला ती फसवणूक वाटली नाही, "पुढच्या महिन्यात तिकडचे आले की इकडे घालू" असं वाटलं. तिकडचे आले नाहीत. स्लॅबच्या वेळी सळई घ्यायला माझ्याकडे पैसे नव्हते आणि पार्टीला वाटत होतं, निम्मे तर दिलेत. ती रक्कम माझी कमाई नव्हती, माझ्याकडे ठेवलेली अमानत होती. हे मला फार उशिरा कळलं.

आता मी असं मांडतो. समजा मालासकट काम ८ लाखांचं ठरलं. सुरुवातीला १ लाख २० हजार. जोतं झालं की १ लाख ६० हजार. स्लॅबची सळई बांधून तयार झाली, काँक्रीट पडण्याआधी, २ लाख. प्लास्टर झालं की १ लाख ६० हजार. लादी बसली की १ लाख. घर हातात देताना ६० हजार. बेरीज करून पाहा. आकडे प्रत्येक कामात बदलतील, तत्त्व हे की कोणत्याही दिवशी काम थांबलं तर ना पार्टीचे फार पैसे माझ्याकडे अडकलेले असावेत, ना माझे तिच्या घरात. आणि "दर महिन्याच्या पाच तारखेला" असं कधी ठरवू नका. महिना काम न होताही संपतो, जोतं काम केल्याशिवाय होत नाही.

प्रत्येक कामाची वेगळी वही आणि जमलं तर वेगळं बँक खातं. सळई आणि सिमेंटचे भाव कोणत्या तारखेचे धरलेत ते लिहा, आणि भाव फार चढला तर काय, तेही.

"भाई, एवढं तर होऊन जाईल"

कामाच्या मधोमध येणारं हे वाक्य सर्वांत महागडं. एक खिडकी वाढवा. गॅलरी अर्धा फूट पुढे घ्या. ओट्याला ग्रॅनाइटच लावा. नाही म्हणवत नाही, कारण चहा त्यांच्याच घरचा पिऊन उठलेलो असतो. आणि हो म्हटलं तर त्याचे पैसेही मागवत नाहीत, दिवसही मागवत नाहीत. शेवटी सगळ्या छोट्या हो मिळून महिना होतो.

उपाय नकार हा नाही. बदल लिहायचा, पैसे आणि दिवस दोन्ही लिहायचे, आणि हो आल्यावरच हात लावायचा. मी व्हॉट्सॲपवर असं पाठवतो: "भाई, सलाम. अब्बांनी मागच्या खोलीत चार बाय चारची एक खिडकी वाढवायला सांगितली आहे. चौकट, जाळी, काच धरून खर्च १४ हजार. दिवस ३ वाढतील, म्हणजे लादी आता १७ मार्चला सुरू होईल. हो असेल तर इथेच 'हो' लिहा." व्हॉइस नोट नको. चार मिनिटांच्या व्हॉइस नोटमध्ये तीन हो, दोन नाही आणि एक "बघू" असतं, आणि सहा महिन्यांनी ती कुणी शोधत नाही. पुष्कळदा दिवस आणि पैसे लिहिलेले पाहून पार्टीच म्हणते, राहू दे.

कुवेत, कतार, सौदी आपल्यापेक्षा अडीच तास मागे, दुबई दीड तास. दुपारी बाराला मिस्त्री खोळंबून उभा असताना केलेला फोन तिथे ड्यूटीत लागतो. म्हणून मी निर्णयाचे प्रश्न साठवून गुरुवारी रात्री विचारतो, त्याच वेळी आठवड्याचे फोटो पाठवतो: काय झालं, पुढच्या आठवड्यात काय होणार, तुमच्याकडून काय हवं. तीन ओळी. उशीर होणार असेल तर तोही त्याच दिवशी. मी त्या खेडच्या कामात नऊ दिवस गेल्याचं महिनाभर लपवलं होतं. तेव्हाच सांगितलं असतं तर त्यांनी बाथरूम आधी उरकायला सांगून बाकीचं निकाहनंतर ठेवलं असतं. लपवल्यामुळे त्यांना निवड करायची संधीच मिळाली नाही.

"आपल्यात कागद कशाला?" हे मला अजूनही ऐकावं लागतं. कायद्याच्या बाजूने पाहिलं तर १८७२ च्या करार कायद्यानुसार तोंडी करारही करारच असतो. पण तो सिद्ध करायची वेळ आली की साक्षीदार शोधत फिरावं लागतं, आणि केलेल्या कामाच्या पैशासाठी दावा करायची मुदत साधारण तीन वर्षांची. दीनच्या बाजूने पाहिलं तर कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल आहे. कागद मागणं म्हणजे अविश्वास, हे आपण कुठून शिकलो कुणास ठाऊक.

लिहिणं जमत नसेल तर घरात पाहा. माझी वही आता माझी मुलगी लिहिते. ती कॉमर्सला आहे. पहिल्याच महिन्यात तिने विचारलं, "अब्बा, या कामात तुमची स्वतःची मजुरी कुठे धरलीय?" कुठेच धरली नव्हती.

शिवणकाम करणाऱ्या भगिनींना ईदच्या ऑर्डरी घेताना, केटरिंगवाल्यांना एका तारखेला दोन वलीमे घेताना, वेबसाइट बनवणाऱ्या पोरांना "अजून एक पान वाढव ना" ऐकताना हेच सगळं लागू होतं. कापड कुणी आणायचं, ताटं नक्की किती, मजकूर आणि फोटो कोण देणार आणि कधी: तिथेही रांग असते, आणि ती बहुतेक वेळा पार्टीकडून यायच्या गोष्टीपाशीच अडते.

घर हातात देताना घरच्यांसोबत प्रत्येक खोलीत फिरा. नळ सोडून पाहा, प्रत्येक बटण दाबून पाहा, बाथरूमच्या लादीवर बादली ओता आणि पाणी जाळीकडे जातं का पाहा. राहिलेली बारीक कामं त्यांच्यासमोर लिहून त्याला तारीख घाला. शेवटच्या ६० हजारांतले २० हजार मी आता पहिल्या पावसापर्यंत पार्टीकडेच राहू देतो. पहिला जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी जातो, गच्चीवर चढतो, खोल्यांचे कोपरे हात लावून पाहतो. खेडच्या त्या घरीही गेलो होतो, पैशासाठी नाही. मागच्या खोलीच्या कोपऱ्यात ओल होती. दोन दिवस थांबून ती काढली. निघताना चाचांनी चहा विचारला.